दगडाचा एकच थर

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात सॅन सायमन नावाचं एक खोरं आहे. १८८० च्या दशकात तिथे नव्याने वसलेल्या शेतकऱ्यांनी खोऱ्याच्या खालच्या तोंडाशी एक चर खणला. पावसाळ्यात शेतांत पसरणारं पाणी एका वाटेने नदीकडे जावं, एवढाच हेतू. चर पुरुषभरही खोल नव्हता. तोवर डोंगरातून उतरलेलं पाणी खोऱ्याच्या सपाट तळावरच्या गवतातून पसरत, रेंगाळत, बरंचसं वाटेतच मुरत खाली येई. चराने त्याला वाट दिली आणि पुढच्या पुरांनी ती वाट अशी काही कापत नेली, की काही दशकांत तिथे सुमारे ६० मैल लांबीची घळ उभी राहिली. ती आजही आहे.

घळीबद्दल एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. पाणी खाली धावतं, पण घळ चढाकडे वाढते. जमिनीत कुठेतरी हातभर उंचीची पायरी पडते. पाणी तिच्यावरून उडी मारतं, पायथा पोखरतं, वरची कड ढासळते आणि पायरी चार पावलं मागे, म्हणजे उताराच्या वरच्या बाजूला सरकते. पुढच्या पावसात आणखी चार पावलं. पायरी वर सरकली की खाली उरते ती कोरडी घळ, आणि दोन्ही बाजूंच्या जमिनीने धरून ठेवलेली ओलही तिच्यात झिरपून निघून जाते. गवताची मुळं उथळ. ओल त्यांच्या हाताबाहेर गेली की कुरण सुकतं. मेस्किटची मुळं मात्र कितीतरी खोल जातात. म्हणून कुरणाच्या जागी काटेरी झुडपं येतात. ही मेस्किट आपल्याला अनोळखी नाही. गावाकडची वेडी बाभूळ तिचीच चुलत बहीण, अमेरिका खंडातूनच आलेली.

मी मूळचा माणदेशातला. गेली काही वर्षं अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी कधीमधी आसपासच्या रँचवर ओहोळांत दगडांचे छोटे बांध लावायला जाणाऱ्यांसोबत जातो. रँच म्हणजे गुरांसाठी राखलेलं हजारो एकरांचं चराऊ रान. त्यातली थोडी जमीन मालकाच्या नावावर, बाकीची राज्य आणि केंद्र सरकारची, चराईच्या कराराने घेतलेली. म्हणून या रानाचं काय करायचं, तिथे गुरं ठेवायची की हटवायची, हा एकट्या मालकाचा प्रश्न राहत नाही. तो सगळ्यांचा प्रश्न आहे आणि त्यावर गेली तीस-चाळीस वर्षं कडाक्याचं भांडण चालू आहे. त्या भांडणात मला जे दिसतं ते मांडण्यासाठी हा लेख.

आधी हे रान उजाड कसं झालं ते पाहू. १८८० साली रेल्वे टूसॉनला पोचली. बाजार जवळ आला, गुरांत बाहेरचा पैसा ओतला गेला आणि दहा-बारा वर्षांत जमिनीच्या ताकदीच्या कितीतरी पट गुरं त्या रानात घुसली. मग १८९१ ते १८९३ चा दुष्काळ पडला. दक्षिण अ‍ॅरिझोनातली निम्मी ते पाऊण गुरं त्यात मेली. मरण्याआधी त्यांनी गवताची शेवटची काडी खाल्ली होती. त्यानंतरचे मोठे पाऊस उघड्या जमिनीवर पडले. आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी दर काही वर्षांनी विजेने पेटणारा वणवा गवतातून धावत जाई आणि कोवळी झुडपं जाळून टाकी. आता जळायला गवतच नव्हतं, त्यामुळे आग थांबली. मेस्किटच्या शेंगा खाऊन गुरांनी तिचं बी शेणातून रानभर पेरलं. हवामान, गुरं आणि माणसाने खणलेले चर यांपैकी कोणाचा दोष किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. ज्या काळात आणि ज्या वेगाने हे झालं ते पाहता गुरांना निर्दोष ठरवता येईल असं मला वाटत नाही.

म्हणूनच एका बाजूचं म्हणणं सरळ आहे: सरकारी जमिनीवरून गुरं काढा, निसर्ग आपोआप सावरेल. या म्हणण्याला भक्कम पुरावाही आहे. दक्षिण अ‍ॅरिझोनातल्या सॅन पेद्रो नदीच्या काठचा पट्टा १९८८ साली राखीव झाला, तिथली गुरं हटली आणि थोड्याच वर्षांत काठावर विलो, कॉटनवूड ही झाडं आणि खालची गवतं दाटली, पक्षी वाढले. जिथे पाणी आहे तिथे गुरांची तोंडं थांबवली की हिरवाई झपाट्याने परतते. हे ज्याला दिसत नाही त्याला दाखवण्यात अर्थ नाही.

पण नदीकाठ हा त्या प्रदेशाचा अगदी छोटा तुकडा. उरलेलं सगळं रान कोरडं, आणि तिथला अनुभव वेगळा आहे. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसजवळ होर्नादा नावाचं कुरण-संशोधन केंद्र १९१२ पासून चालू आहे. पाऊस वर्षाला सुमारे २५० मिलिमीटर, म्हणजे आमच्या माणदेशाहूनही कमी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त जुलै ते सप्टेंबरमध्ये. १८५८ च्या जमीन-मोजणीच्या नोंदींत तिथे बहुतेक सगळीकडे चांगलं गवत होतं. शंभर वर्षांनी बहुतेक भाग झुडपांनी व्यापलेला. १९३० च्या दशकात तिथे काही तुकड्यांना कुंपण घालून गुरं बाहेर ठेवली. अनेक दशकं लोटली. गवत परतलं नाही, कुंपणाच्या आत झुडपंच वाढत राहिली. कारण तोवर जमिनीची घडीच बदलली होती. माती, पाणी आणि खत झुडपांच्या बुडाशी गोळा होतं आणि मधली जमीन टणक, उघडी राहते. त्या उघड्या जमिनीवर पडलेला थेंब थांबत नाही. बी आलं तरी रुजायला ओल नाही. गुरांनी सुरू केलेली घसरण गुरं गेल्यावरही स्वतःच्या जोरावर चालू राहते. घळीच्या त्या पायरीला वरच्या माळावर गुरं आहेत की नाहीत याची खबरही नसते.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं याच्या अगदी उलट. रोडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, जन्मलेल्या अ‍ॅलन सेव्हरी यांनी हे मत लोकप्रिय केलं. २०१३ मधलं त्यांचं भाषण जगभर पाहिलं गेलं. गुरं कमी करू नका, दाट कळपाने थोडा वेळ चारा आणि पुढे हलवा. खुरांनी जमीन मोकळी होईल, शेणामुताने खत मिळेल आणि वाळवंटही हिरवं होईल, असा त्यांचा दावा. ऐकायला गोड आहे. आपल्याकडे शेतात मेंढ्या बसवणाऱ्याला तर तो लगेच पटेल. पण २००८ साली अमेरिकी कुरणतज्ज्ञांनी तोवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा पाळीपाळीने चारण्याचा सलग चारण्यापेक्षा ठळक फायदा त्यांना दिसला नाही. गुरं किती, हाच निर्णायक मुद्दा ठरला. शिवाय या वाळवंटी रानात बायसनचे, म्हणजे अमेरिकी रानगव्यांचे, अफाट कळप कधी नव्हते. तिथल्या उघड्या मातीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांची एक पातळ कवची असते, ती माती धरून ठेवते. खुरांनी ती फुटते. उत्तरेकडच्या विस्तीर्ण गवताळ मैदानाचा नियम इथे लावणं म्हणजे कोकणचं भातखाचर माणदेशात काढायला जाणं.

दोन्ही बाजूंचं सगळं लक्ष गुरांवर आहे. मला वाटतं, आधी पाण्याकडे पाहायला हवं.

आपल्याकडे पाणलोटाच्या कामावर शिकवतात, पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला रांगायला, रांगत्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला. अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोत हेच काम वनखात्यातून निवृत्त झालेले बिल झीडिक यांनी दगडांच्या भाषेत मांडलं. त्यांच्या बांधात दगडाचा एकच थर असतो. उंची एका दगडाएवढी, रुंदी मात्र चार-पाच ओळींची, ओहोळाच्या तळात फरशी बसवावी तशी. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याने काय होणार? पण या ठेंगणेपणातच सगळं शहाणपण आहे. उंच बांधावरून पाणी उडी मारतं आणि खालची जमीन पोखरतं, नाहीतर बांधाला वळसा घालून काठ कापतं. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारी छावण्यांतल्या तरुणांनी बांधलेले कितीतरी उंच दगडी बांध असेच बाजूने फुटून ओहोळाच्या मध्यात एकटे उभे आहेत. एका थरावरून पाणी उडी मारत नाही, फक्त अडखळतं. अडखळलं की हातातला गाळ सोडतं. गाळासोबत बी असतं. दुसऱ्या वर्षी दगडांच्या फटीत गवत उगवतं, आणि मग बांधाचं काम गवतच करू लागतं. दगड गाळात बुडाले की त्यावर आणखी एक थर चढवायचा, आधी नाही.

घळीच्या वर सरकणाऱ्या पायरीवरही त्यांचा उपाय आहे. पायरीचा कडा दगडांनी मढवायचा, पायथ्याशी दगडी वाटी करायची म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा जोर तिथेच जिरतो, आणि वाटीच्या पुढे एक थराचा बांध. या वाटीला त्यांनी झुनी हे नाव दिलं, झुनी या मूळ रहिवासी लोकांवरून. ते योग्यच आहे. झुनी, होपी, तोहोनो ओओधम हे लोक शेकडो वर्षं पावसाचं वाहतं पाणी शेतावर पसरवून मका पिकवत आले आहेत, आणि मेक्सिकोच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या पूर्वजांनी ओहोळांत लावलेल्या दगडांच्या ओळी आजही सापडतात. म्हणजे १८८० च्या वसाहतकऱ्यांनी जिथे चर खणले, त्याच प्रदेशात पाणी सांभाळायची विद्या आधीपासून होती. ती कोणी विचारली नाही.

रस्त्यांची गोष्ट तर कोणाच्या खिजगणतीतच नसते. रँचवरचा कच्चा गाडीरस्ता उतारावरून सरळ खाली जातो. दोन्ही चाकोऱ्या पावसात ओहोळ होतात, आणि पाच-दहा वर्षांत रस्त्याचीच घळ होते. ज्या घळी मी पाहिल्या त्यातल्या अनेकींचं मूळ धरून वर चालत गेलो, तर शेवटी एखादी जुनी गाडीवाट नाहीतर गुरांची पायवाट सापडली. रस्त्याला थोड्या थोड्या अंतरावर हलका उंचवटा देऊन पाणी बाजूच्या गवतात सोडलं, तर निम्मं दुखणं तिथेच थांबतं. याला दगडही लागत नाही.

हे नुसतं मनाचं समाधान आहे की प्रत्यक्षात काही फरक पडतो? चिरिकावा डोंगरात ऑस्टिन दांपत्याने १९८० च्या दशकापासून आपल्या रँचवर टर्की क्रीकच्या पाणलोटात सुट्या दगडांचे हजारो छोटे बांध घातले. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी या पाणलोटाची शेजारच्या, बांध नसलेल्या पाणलोटाशी तुलना केली. बांध घातलेल्या बाजूला पुराचा लोंढा सौम्य झाला होता, आणि क्षेत्राच्या मानाने पाणी सुमारे २८ टक्के जास्त वाहत होतं. अडवलेलं पाणी खालच्यांना कमी पडेल ही सगळ्यांची भीती. इथे उलट घडलं. काठांच्या गाळात मुरलेलं पाणी हळूहळू, जास्त दिवस बाहेर येत राहिलं. एका जोडीच्या तुलनेवरून सगळीकडे असंच होईल असं म्हणणं घाईचं ठरेल. पण निदान एवढं तरी झालं, की भीती हेच उत्तर मानायचं कारण उरलं नाही.

या भीतीला तिथे कायद्याची धार आहे. पश्चिम अमेरिकेत पाण्याचा हक्क ‘जो आधी आला त्याचा आधी’ या तत्त्वावर चालतो. वरच्या माळावर कोणी पाणी अडवलं, तर खालचा जुना हक्कदार हरकत घेऊ शकतो. ओहोळात दगड टाकायला केंद्राची परवानगीही लागू शकते. नियम असायला हवेतच. पण शंभर फूट रुंद घळ पाडणाऱ्या रस्त्याला कोणी अडवत नाही आणि टाचेएवढ्या दगडी ओळीला कागद मागितला जातो, तेव्हा माझा संताप होतो. एका थराच्या बांधाला धरण समजणं बंद करायला हवं. तो पाणी साठवत नाही. वेग कमी करतो.

आता माझा मुख्य मुद्दा. दगड लावणं हे एका दिवसाचं काम आहे, ते टिकवणं वर्षानुवर्षांचं. गेल्या पावसाळ्यानंतर मी एका रँचवर गेलो होतो. मालक सत्तरीकडे झुकलेले, गुडघे दुखणारे. पहिल्या मोठ्या पावसानंतर ते ओहोळाच्या कडेकडेने पूर्ण वर चालत गेले होते, आणि आम्ही पोचलो तेव्हा कुठल्या ओळीतला कोणता दगड निसटलाय हे त्यांना तोंडपाठ होतं. एक दगड निसटला की तिथून पाणी घुसतं, आणि पुढच्या वर्षी पूर्ण ओळ जाते. हे बघायला माणूस तिथे राहणारा हवा. कुठल्याही संस्थेचा प्रकल्प तीन वर्षांनी संपतो, अनुदानाची मुदत संपते, स्वयंसेवक शहरात परततात. राहतो तो रँचर.

म्हणून गुरं हटवून रँचरलाच उठवायचं, हे मला परवडणारं वाटत नाही. रँच विकली गेली की तिथे निसर्गच येईल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. अ‍ॅरिझोनात अनेकदा तिथे तुकडे पाडून घरं येतात, त्यांना रस्ते येतात, विहिरी येतात. ज्यांना याची जाणीव होती त्यांनी १९९४ साली मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप स्थापन केला: अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचे रँचर, शास्त्रज्ञ आणि निसर्गसंस्था एकत्र, सुमारे ८ लाख एकरांसाठी. त्यांनी जमिनीवर कायमचं बंधन स्वीकारलं की ती तुकडे करून विकायची नाही. त्याच्या बदल्यात दुष्काळात त्यांच्या गुरांना ग्रे रँचसारख्या मोठ्या रानात चारायला जागा मिळाली, म्हणजे स्वतःच्या कुरणाला श्वास घेता आला. वणवे विझवण्याऐवजी ठरवून लावायला सुरुवात झाली. १९९६ मध्ये त्यातल्याच एका रँचरला, वॉर्नर ग्लेन यांना, पेलोन्सियो डोंगरात जॅग्वार दिसला. त्यांनी बंदूक न उचलता कॅमेरा उचलला. पिढ्यान्‌पिढ्या भक्षक प्राण्यांना शत्रू मानणाऱ्या समाजात हे घडलं, याला मी फार मानतो.

मात्र रँचरला ठेवायचं म्हणजे त्याला मोकळं सोडायचं असा अर्थ मी घेत नाही. केंद्र सरकारच्या जमिनीवर एका गायीला वासरासह महिनाभर चारायचा दर कित्येक वर्षं १.३५ डॉलर, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या तळालाच चिकटून होता. खाजगी जमिनीवर याच्या कितीतरी पट द्यावे लागतात. सवलत लोकांच्या पैशातून आहे, तर लोकांना त्या जमिनीवर पाणी मुरलेलं दिसायला हवं. नदीकाठाला कुंपण, दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी गुरांची संख्या खाली, आणि घळींच्या पायऱ्यांची दरवर्षी पाहणी, या अटींशिवाय सवलत देऊ नये. आणि उलट बाजूने, बांध घालण्याला मदत देणाऱ्या योजनांनी देखभालीलाही पैसे द्यावेत. आज मदत मुख्यतः बांधकामाला मिळते, देखभाल मालकाच्या माथी. पाचव्या वर्षी किती ओळी जाग्यावर आहेत, किती गाळाने भरून गवताळल्या, हे मोजून पैसे दिले, तर कामाची जातच बदलेल. सत्तरीच्या माणसाला त्यात हाताखाली एक जवान गडी ठेवता येईल.

घाईच्या उपायांनी तिथे आधीच हात पोळले आहेत. उजाड रानं लवकर झाकावीत म्हणून १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतून लेहमन लव्हग्रास आणलं. ते रुजलं, इतकं की आज दक्षिण अ‍ॅरिझोनाच्या मोठ्या पट्ट्यात त्याने देशी गवतांना बाजूला सारलं आहे. जमीन झाकली गेली, कुरण मात्र परतलं नाही. ज्या वर्षी अहवालात हिरवा रंग वाढतो त्या वर्षी आनंद मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि पाण्याची ओढ फक्त गुरांपायी नाही, हेही. २०२० मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला सॅन बर्नार्दिनो अभयारण्याच्या आसपास जमिनीतून पाणी उपसलं, आणि दुर्मीळ माशांसाठी राखलेल्या तिथल्या तळ्यांची पातळी खाली गेली. त्या अभयारण्यातून वाहणाऱ्या ओहोळावरच, सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, दगड लावून पाणी परत आणण्याचं काम वर्षानुवर्षं चालू होतं.

गावी फोन केला की हे सगळं मनात असतं. माझ्या आईने बहात्तरच्या दुष्काळात कामावर खडी फोडली होती. दगड आणि पाणी यांचं नातं तिला मी सांगायची गरज नाही. आपल्याकडे अनगड दगडांचे बांध आहेत, समतल चर आहेत, आणि हिवरे बाजारसारखी गावं आहेत जिथे चराईबंदीने डोंगर हिरवे झाले. पण चराईबंदीचा भार धनगरांवर आणि दोन शेळ्या पाळणाऱ्या बाईवर पडला. मालपाईच्या रँचरला मिळालं तसं दुसरं चराऊ रान त्यांना कोणी दिलं नाही. माळरानाला सरकारी नोंदीत पडीक म्हणतात आणि पावसाळा आला की त्यात खड्डे खणून रोपं लावतात, जणू नान्नजचा माळढोक झाडावर राहतो. आणि गेल्या दहा वर्षांत जेसीबीने ओढे खोल आणि रुंद करण्याची जी लाट आली, तिच्याकडे पाहताना मला सॅन सायमनचा तो चर आठवतो. तिथली माती गाळाची, आपल्याकडे मातीखाली काळा खडक. तुलना ताणायची नाही. पण ओढ्याच्या काठावर गाळाची जमीन असते तिथे तळ खाली नेला की काठची ओल खाली जाते. तेवढं दोन्हीकडे सारखंच.

परवा आईला विचारलं, आपल्या ओढ्यात पूर्वी पाणी किती दिवस असायचं? म्हणाली, दिवाळी झाल्यावरही गुडघाभर, आणि कडेला लव्हाळा. आता तिथे खोल केलेलं पात्र आहे, दोन्ही काठांवर उकरलेल्या मातीचे ढीग, आणि त्या ढिगांवर वेडी बाभूळ.